औषध रुग्णाचे की प्रवाशाच्या पेटीचे?

परदेशातून येणारी औषधे कोणत्या बंदरांतून देशात उतरावीत हे औषध-नियमांनीच ठरवून दिले आहे, आणि त्या यादीत न्हावा शेवा आहे. देशातील मोठ्या बंदरांवरील कंटेनर वाहतुकीचा सुमारे निम्मा भार हे एकटे बंदर वाहते. चीनमधून येणाऱ्या औषधी कच्च्या मालाची पिंपे येथे बिनबोभाट उतरतात, कारण त्यांच्यामागे परवानाधारक आयातदार, त्याचा दलाल आणि त्याचा वकील उभा असतो. परंतु एखाद्या सामान्य माणसाला स्वतःपुरती, तीही डॉक्टरच्या चिठ्ठीविना परदेशी दुकानात मिळणारी, औषधाची एक डबी कायदेशीरपणे आणावयाची झाली तर काय होते, हे पाहिले म्हणजे आपल्या कायद्याची वर्गदृष्टी उघडी पडते.

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील १९४५ च्या नियमांत ३६ वा नियम आहे. परवान्याशिवाय एरवी निषिद्ध असलेले औषध अल्प प्रमाणात, वैयक्तिक उपयोगासाठी आणण्याची मुभा तो देतो. मात्र ते औषध प्रवाशाच्या खऱ्याखुऱ्या सामानाचा भाग असले पाहिजे, ते केवळ त्या प्रवाशाच्याच उपयोगाचे असले पाहिजे, आणि कोणत्याही एका औषधाच्या शंभर सरासरी मात्रांहून अधिक साठा असता कामा नये. सामानाबाहेर, म्हणजे पार्सलाने, औषध आणावयाचे असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नमुना १२-अ मध्ये अर्ज करून १२-ब चा परवाना मिळवावा लागतो, आणि त्यासाठी नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी जोडावी लागते.

यातील विसंगती कोणाही विचारी माणसाच्या ध्यानात येईल. जे औषध विकत घेताना चिठ्ठी लागत नाही, त्याच औषधाला घरी येताना चिठ्ठी लागते! मुळात चिठ्ठीविना विकावयाच्या औषधांची स्वतंत्र, निश्चित यादीच आपल्या कायद्याने केलेली नाही. अनुसूची एच, एच-१ आणि एक्स यांत जे बसत नाही ते उरलेसुरले, एवढीच काय ती ओळख. गंमत अशी की हजाराहून अधिक वस्ती नसलेल्या खेड्यात काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्यास अनुसूची के सवलत देते. म्हणजे खेड्यातल्या वाण्यावर सरकारचा विश्वास आहे, रुग्णावर नाही.

आता उरण, पनवेल किंवा रत्नागिरीच्या बाजूचा एखादा खलाशी घ्या. सहा-आठ महिन्यांचा करार संपवून तो घरी येतो आणि आईच्या गुडघ्यांसाठी सिंगापूरहून मलम व दुखण्याच्या गोळ्या आणतो. नियमाच्या अक्षरानुसार हे कृत्य अवैध आहे, कारण औषध ‘प्रवाशाच्याच’ उपयोगाचे हवे, आणि गुडघे दुखतात ते आईचे. कस्टमचा शिपाई सहसा डोळेझाक करतो, हे खरे. पण गरिबाने हक्काऐवजी शिपायाच्या मर्जीवर का जगावे? शिवाय दिवसातून तीनदा घ्यावयाच्या गोळीच्या शंभर मात्रा तेहतीस दिवसांत संपतात. पुढे काय? दर महिन्याला विमानाने ये-जा करणाऱ्या कंपनीच्या साहेबाला हा प्रश्न पडत नाही. वर्षातून किती वेळा शंभर मात्रा आणाव्यात यावर नियमाने बंधन घातलेले नाही. सवलत आजाराला दिलेली नसून ती विमानाच्या तिकिटाला दिलेली आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने टपाल व कुरिअरमार्गे येणाऱ्या भेटवस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. अपवाद दोनच ठेवले: जीवरक्षक औषधे आणि राखी. जीव वाचविणारे औषध सुटले हे योग्यच झाले. पण जीव न घेता माणसाला जन्मभर जेरीस आणणारी संधिवातासारखी दुखणी असतात, याचा विसर दिल्लीतील लेखणीला पडला. दुबईत राबणाऱ्या भावाला बहिणीने धाडलेली राखी परत येताना अडणार नाही. त्याने तिला पाठविलेली मलमाची डबी अडेल.

नियंत्रण ढिले केले तर बनावट आणि घातक माल शिरेल, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. ऑगस्ट २०२० मध्ये याच न्हावा शेवा बंदरात १९१ किलो हेरॉइन पकडले गेले. बांबूसारख्या रंगविलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत ते दडविलेले होते आणि माल आयुर्वेदिक औषधाचा असल्याचे भासविले होते. परंतु हा माल कोणा म्हातारीच्या नावाच्या पार्सलातून आला नव्हता. तो व्यापारी आयातीच्या रीतसर वाटेने आला होता. पहारा तेथे कडक हवा. चाळणी मात्र मलमाच्या डबीला लावली जाते.

दुसऱ्या टोकाला खुल्या बाजाराचे भाट आहेत. त्यांना आयात सरसकट मोकळी हवी. त्यांच्या पंगतीला बसण्याचे कारण नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो परदेशी औषधाची लाचारी संपविण्यासाठी. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी नाकारली, म्हणून स्वस्त औषध घरोघर गेले. २००५ पासून पदार्थाचे पेटंट परत आले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्याच पिंपरीच्या कारखान्याची विक्री करण्याचे केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरविले. सार्वजनिक उत्पादनाची अशी वासलात लावल्यावर बाहेरून औषध मागविणाऱ्या रुग्णालाच संशयाने पाहणे, हा राज्यकर्त्यांचा दुटप्पीपणा आहे.

उपाय अवघड नाही, आणि त्याचे उदाहरण सरकारनेच घालून दिले आहे. एप्रिल २०२३ पासून दुर्मिळ आजारांवरील वैयक्तिक आयातीच्या औषधांना सीमाशुल्कात पूर्ण माफी आहे, आणि त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकाचा दाखला पुरतो. कोट्यवधींच्या औषधाला जो दाखला चालतो तो शेकड्यातल्या औषधाला का चालू नये? नियम ३६ मधील प्रवाशाच्या जागी रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय आले पाहिजेत. चिठ्ठीविना विकावयाच्या औषधांची यादी कायद्याने जाहीर झाली पाहिजे. त्या यादीतील औषध मूळ वेष्टनात, शंभर मात्रांपर्यंत, पार्सलानेही परवान्यावाचून आले पाहिजे. त्याहून अधिक लागल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला पुरेसा मानला पाहिजे.

या बंदरासाठी जमिनी गेल्या तेव्हा, जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या शेतकऱ्यांपैकी पाच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या गावांतील अनेकांची मुले आज जहाजांवर आणि गोद्यांत राबतात. उरण-पनवेलच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन अशा अडलेल्या पार्सलांची नोंद करावी आणि ती न्हावा शेव्याच्या औषध नियंत्रण कार्यालयासमोर मांडावी. तेथे या नियमांचा मराठी फलक लावून घेण्यापासून सुरुवात करता येईल.