आर्सेनिक गाळणारा ‘गंज’ आणि त्यानंतरचा प्रश्न

पश्चिम बंगाल, बिहारमध्ये हातपंपाच्या पाण्यातून आर्सेनिक पोटात जातं. ना रंग, ना वास. सुरक्षित मर्यादा लिटरमागे फक्त १० मायक्रोग्रॅम. आयआयटी मद्रासमधील प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने त्यावर लोहाचा सच्छिद्र नॅनो-पदार्थ तयार केला. ढोबळमानाने, खास घडवलेला गंजच. तो भट्टीशिवाय, पाण्यातच बनतो. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारं कायटोसान त्याचे कण जाळीत अडकवून ठेवतं. कण एकत्र येऊन मोठे स्फटिक झाले, तर आर्सेनिकला चिकटायला पृष्ठभागच कमी पडतो. सगळी कारागिरी इथेच आहे.

पण ही जागा कधीतरी भरतेच. गाळणी बसवताना फोटो निघतात. नंतर पाणी नियमित तपासणार कोण, आणि आर्सेनिकने भरलेला तो पदार्थ टाकणार कुठे? त्याची तरतूद पहिल्याच निविदेत हवी.