देवाची इच्छा : आपली आणि दुसऱ्याची

आमचे तिगाव हे संत्र्यांच्या पट्ट्यातले गाव. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. 2023 साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाल्यापासून त्या जिल्ह्यात मोडते. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी, पण घरातले बोलणे मराठी. काही वर्षांपूर्वी ऐन फाल्गुनात तिथे गारपीट झाली. आंबिया बहाराचा फुलोरा आणि नुकतीच धरलेली बारीक फळे पाहता पाहता जमिनीवर आली. आजोबा बागेत फेरी मारून आले, ओसरीवर बसले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि एवढेच म्हणाले, "देवाची मर्जी." ना शिव्या, ना रडारड. त्या दिवशी मला आजोबा फार मोठे वाटले.

चार दिवसांनी एक मजूर बाई दारात आली. मागच्या हंगामातल्या तोडीची तिची मजुरी आमच्याकडे राहिली होती. आजोबा तिला म्हणाले, "देवाचीच मर्जी फिरली बाई, आता तुला कुठून देऊ?" ती काही न बोलता परत गेली. शब्द तेच, म्हणणारा माणूसही तोच. पण या खेपेला ते शब्द माझ्या कानांना खोटे वाटले. का वाटले, हे त्या वयात सांगता आले नसते. कॉलेजात आल्यावर पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचनात आले, तेव्हा त्या 'का'चे उत्तर थोडेफार सापडले. तेच या लेखात मांडावयाचे आहे.

ईश्वरेच्छेला शरण जाणे ही ख्रिस्ती धर्माची मूळ शिकवण आहे. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात देवाच्या इच्छेसारखे घडावे ही मागणी आहेच. पुष्कळांना, आणि त्यांत कित्येक ख्रिस्ती बांधवही आले, शरण जाणे म्हणजे हात जोडून गप्प बसणे असे वाटते. वास्तविक शुभवर्तमानातली कथा तसे सांगत नाही. पकडले जाण्याच्या आदल्या घटकेला गेथशेमाने बागेत येशूने आधी आपल्यापुढचा दुःखाचा प्याला टळावा अशीच विनवणी केली. मनातले दुःख त्याने लपवले नाही. विनवणी करून झाल्यावर मग त्याने स्वतःला देवाच्या हाती सोपवले. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तो प्याला त्याचा स्वतःचा होता. दारी आलेल्या आंधळ्याला, लंगड्याला किंवा कुष्ठरोग्याला 'ही देवाची इच्छा आहे, सोस' असे सांगून त्याने परत पाठवले नाही.

रमाबाईंचे आयुष्य हा याच गोष्टीचा वस्तुपाठ आहे. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनाही त्या परक्या नाहीत. 1858 साली त्यांचा जन्म झाला तो कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले. पुढे मद्रास इलाख्यातील दुष्काळाच्या काळात हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असताना अन्नान्न दशेला लागले. होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले, आणि काही काळाच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण गेली. 1880 साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि 1882 साली तेही गेले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी आणि वय अवघे तेवीस. पुढच्याच वर्षी, 1883 मध्ये, इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

एवढी माणसे गेलेल्या बाईने 'देवाची इच्छा' म्हणून एका कोपऱ्यात बसून दिवस काढले असते, तर तिला कोण नाव ठेवणार होते? पण झाले ते निराळेच. 1889 साली मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्यप्रांतात आल्या. आमचा छिंदवाडा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता, म्हणून हा भाग वाचताना मी थोडा थबकलो. दुष्काळी कामांवर आणि अनाथालयांत फिरून त्यांनी उपाशी, निराधार मुली आणि तरुण विधवा गोळा केल्या व केडगावला नेल्या. तिथल्या 'मुक्ती'त 1900 च्या सुमारास दीड हजाराच्या घरात मुली व स्त्रिया होत्या. आपल्या घरच्यांना उपाशी मरताना पाहिलेली बाई दुसऱ्याच्या उपासमारीकडे पाहून 'देवाची मर्जी' म्हणू शकली नाही. तिच्या लेखी देवाची मर्जी असलीच तर ती एवढीच, की बैलगाडी जुंपावी आणि त्या मुलींना घेऊन यावे.

त्याच 1897 साली पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग रुग्णालयात नेलेल्या आपल्या एका मुलीच्या बाबतीत जे घडले, त्याविरुद्ध रमाबाईंनी 'बाँबे गार्डियन' पत्रात उघडपणे लिहिले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. साथ ही देवाच्या हातची म्हणता येईल. पण रुग्णालयातली हेळसांड माणसाच्या हातची. रमाबाईंनी या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ दिली नाही.

देवाची आज्ञा आणि धर्माधिकाऱ्याची आज्ञा यांचीही सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 साली प्रसिद्ध केला आहे. तुझ्यात नम्रता नाही, तू वडीलधाऱ्यांचे ऐकत नाहीस, असा त्या बाईंचा सूर. आणि मी देवाला मान तुकवली आहे, माणसांच्या प्रत्येक मताला नव्हे, असा रमाबाईंचा. शरणागतीच्या नावाखाली कोणी तिसराच आपली इच्छा आपल्यावर लादत नाही ना, हे पाहण्याइतके डोळे उघडे ठेवावेत, हा धडा केवळ ख्रिस्ती लोकांनीच घ्यावा असे नाही.

मग रमाबाई शरण कधी गेल्या? 24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची ही एकुलती एक मुलगी 'मुक्ती'च्या कामाची वारस होती. गुलबर्ग्याच्या शाळेची धुराही तिने वाहिली होती. आईच्या मागे सारे तीच सांभाळणार, हे ठरून गेलेले. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कान अधू झालेले, प्रकृती ढासळलेली. हे दुःख मात्र त्यांनी निमूटपणे पदरात घेतले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. मुलगी गेल्यावरही ते त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, तोवर ते काम त्यांनी तडीस नेले होते.

माझ्या म्हणण्याचे सार इतकेच, की 'देवाची इच्छा' हे शब्द माणसाने आपल्या दुःखापुरते वापरावेत. दुसऱ्याच्या दुःखाला ते लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. स्वतःच्या बाबतीत ते धीर देतात; दुसऱ्याच्या बाबतीत तेच शब्द आपली जबाबदारी झटकण्याचे साधन होतात. बायबलातील ईयोबाची कथा हेच सांगते. मुलेबाळे, गुरेढोरे, आरोग्य, सारे गेलेला ईयोब देवाशी भांडला. त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन, तुझ्या दुःखाचे कारण तुझेच पाप, असे त्याला पटवीत बसले. शेवटी देवाने बोल लावला तो त्या मित्रांना!

कोणी म्हणेल, हे फार सोपे करून सांगितले. एकाच्या शरणागतीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, तेव्हा काय? शंका रास्त आहे. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तो देवाची हाक ऐकून. पण त्याचा घाव बसला लक्ष्मीबाईंवर. नवरा असून नसल्यासारखी, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ती बाई काही वर्षे वेगळी राहिली. ते दिवस तिने 'स्मृतिचित्रे'त जराही न लपवता लिहिले आहेत. टिळकांची हाक खरी नव्हती असे मी म्हणत नाही. पण तिचे अश्रू हेही देवाचेच विधान, असे म्हणून कोणी मोकळे होऊ नये. टिळकांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की त्यांनी तिच्यावर धर्म लादला नाही. पुढे 1900 साली लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या, त्या आपल्या मनाच्या वाटेने. शरणागती ज्याची त्यानेच करावयाची असते. दुसऱ्याच्या वतीने ती करता येत नाही.

आपल्या वारकरी घरांतही 'ठेविले अनंते' ही वृत्ती थोर मानली आहे, आणि ती थोर आहेच. पण ती कोणाच्या तोंडी आहे, हे पाहावे लागते. कर्जात बुडालेला शेतकरी ती स्वतःशी म्हणतो तेव्हा तो संत. सावकार त्याला ती ऐकवतो तेव्हा तो सावकारच! दवाखान्यात औषध नाही, शाळेत मास्तर नाही, विहिरीला पाणी नाही, याला 'देवाची इच्छा' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापैकी किती जणांची मुले त्या शाळेत आहेत, एवढे विचारून पाहावे.

आमच्या आजोबांना मी दोष देत नाही. बाग गेली ते त्यांनी ज्या धीराने सोसले, तो धीर माझ्यात येईल की नाही कोण जाणे. परंतु ती मजुरी गारांनी नेलेली नव्हती. ती गारांच्या आधीपासून आमच्याकडे होती. हे आजीच्या ध्यानात आले, माझ्या नाही. संध्याकाळी तिने आपल्या गाठीचे पैसे काढले, मोजून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "जा, तिच्या घरी नेऊन दे. उद्यावर टाकू नको." आजोबा ओसरीवरच होते. त्यांनी ऐकले आणि ते काही बोलले नाहीत.

मी पैसे नेऊन दिले. परत येताना बागेत सगळीकडे फुले पडलेली होती. आजोबा म्हणाले ते त्या फुलांच्या बाबतीत खरे होते.