कपाटातली डिस्क आणि नवा कर्नल

कपाट आवरताना वीस वर्षांपूर्वीची हार्ड डिस्क सापडली. तिच्यात वडिलांचे फोटो आहेत, हे पक्के ठाऊक होते. नव्या लिनक्स संगणकाला जोडली, तर संदेश आला: ‘रायझरएफएस’ ही फाइल सिस्टीम अनोळखी आहे. म्हणजे नाव बरोबर सांगायचे आणि ओळख नाही म्हणायचे!

फाइल सिस्टीम म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे ठेवली आहे, याची वही. ती वाचतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. लिनक्सच्या कर्नलला अशा अनेक प्रकारच्या वह्या वाचता येतात, पण बहुतेकींची सोय ऐच्छिक असते. कर्नल तयार करणारा प्रत्येकीबाबत ठरवतो: गाभ्यातच घालायची, लागेल तेव्हा जोडता येणारे मॉड्यूल करायचे, की वगळायची. ज्या डिस्कवरून संगणक सुरू होतो, तिचीच सोय चुकून वगळली तर संगणक सुरूच होत नाही. (हा धडा मी रात्री दोन वाजता शिकलो आहे.)

वगळण्याला माझा विरोध नाही. हा कोड पूर्ण अधिकारानिशी चालतो. त्यात चूक असेल, तर मुद्दाम बिघडवलेला एखादा पेन ड्राइव्हही संगणक कोलमडवू शकतो. न लागणारे दार बंदच बरे. रायझरएफएस २००१ मध्ये कर्नलमध्ये आली. पुढे तिची देखभाल करणारे उरले नाहीत, शिवाय २०३८ नंतरच्या तारखा नोंदवण्याची अडचण होतीच. २०२२ मध्ये ती कालबाह्य ठरवली गेली आणि जानेवारी २०२५ मधल्या ६.१३ आवृत्तीतून कोडच काढून टाकला. आता हा पर्याय निवडायलाही उरला नाही.

तक्रार आहे ती सूचनेबद्दल. अशी डिस्क जोडली की कर्नल आपल्या नोंदवहीत इशारा लिहीत असे. ती नोंदवही सामान्य माणूस कधी उघडतो? आणि कपाटातली डिस्क तर त्या काळात कुणी जोडलीच नव्हती. संगणकाला नाव कळते, तर ‘६.१३ च्या आधीचा कर्नल वापरा’ एवढे पडद्यावर सांगायला काय हरकत आहे? लिनक्सच्या वितरकांनी एवढे तरी करावे.

शेवटी जुन्या आवृत्तीच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला, डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली आणि फोटो ‘एक्स्ट ४’ असलेल्या नव्या डिस्कवर उतरवले. तो पेन ड्राइव्ह आता त्याच कपाटात, डिस्कशेजारी ठेवला आहे.