लहरींतील वीज : आशा आणि हिशेब

तंजावरवर मराठी राजांची सत्ता असताना (१६७६ ते १८५५) कावेरीकाठच्या तिरुवैयारु गावी संत त्यागराज राहत होते. १८४७ साली त्यांनी तेथेच देह ठेवला. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक त्यांच्या समाधीजवळ बसून पंचरत्न कृती गातात आणि आकाशवाणी ते गायन दूरवर पोहोचवते. गायन वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरींत ऊर्जा असते. मग त्याच ऊर्जेने श्रोत्याच्या मोबाइलची बॅटरी तारेवाचून का भरू नये?

हा प्रश्न खुळा नाही. जुना स्फटिक रेडिओ केवळ लहरींच्या बळावर बोलत असे. पथकर नाक्यावरील फास्टॅगमध्येही बॅटरी नसते. जवळच्या यंत्राच्या लहरी त्याला क्षणभर जागे करतात.

तथापि, हिशेब मांडला की भ्रम ओसरतो. लहरी दिव्याच्या उजेडाप्रमाणे पसरतात. अंतर दुप्पट झाले की त्यांची तीव्रता एक चतुर्थांश उरते. समजा, १०० किलोवॅटचे प्रक्षेपण केंद्र ५० किलोमीटर दूर आहे आणि त्याची शक्ती सर्व दिशांना सारखी पसरते. तर एक चौरस मीटरवर सुमारे ३ मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटच्या दहा लाख भागांपैकी केवळ तीन भाग पडतील. ते सर्व हाती लागले, तरी १५ वॅट-तासांची बॅटरी भरण्यास पाचशेहून अधिक वर्षे लागतील! तबकडीवर ठेवून मोबाइल भरता येतो हे खरे. पण तेथे काम करते ते चुंबकीय क्षेत्र आणि तेही काही मिलिमीटर अंतरापुरतेच.

याउलट, भर दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. एक चौरस फुटाचे सौरपत्रही चांगल्या उन्हात मोबाइल काही तासांत भरू शकते.

म्हणून लहरींतील ऊर्जा टाकाऊ ठरत नाही. भातशेतीतील ओलावा अधूनमधून मोजणाऱ्या चिमुकल्या यंत्राला जवळून सोडलेल्या लहरी पुरू शकतील. मात्र ‘हवेतून फुकट वीज’ असे सांगून कोणी यंत्र विकू लागला, तर कष्टाचा पैसा हातचा सोडण्यापूर्वी ग्राहकाने दोनच प्रश्न विचारावेत : किती अंतरावरून? आणि किती वॅट? विज्ञान स्वप्ने पाहू देते. परंतु ती मोजून पाहण्यासही शिकवते.