फुटलेल्या टाकीला डागण्या नकोत

उन्हाळ्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि गाडीच्या रेडिएटरची कसोटी लागते. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माल नेणाऱ्या-आणणाऱ्या पिकअपवाल्यांना आणि आपल्या मेकॅनिक भावांना कळकळीची विनंती आहे: कूलंटची प्लास्टिकची टाकी फुटली, तर तिला तापल्या सळईने डागून पुन्हा गाडीला लावू नका.

गाडी थंड असताना ती टाकी नीट पाहा. बऱ्याच टाक्यांवर भोवताली एक जाडसर रेघ दिसते. तिथे टाकीचे दोन भाग जोडलेले असतात. कारखान्यात हा जोड तापलेल्या पाट्यावर कडा वितळवून करतात, किंवा घर्षणाने. घर्षणाच्या पद्धतीत खालचा भाग घट्ट धरतात आणि वरचा त्यावर दाबून सेकंदाला शंभर ते अडीचशे वेळा मागेपुढे हलवतात. काही सेकंदांत कडा वितळून एकमेकींत मिसळतात. हलवणं थांबतं, पण जोड थंड होऊन आवळेपर्यंत दाब तसाच ठेवतात. गोल तुकडे असतील तर एकाला गरगर फिरवूनही हेच साधतं.

सळईच्या डागात हा दाबच नसतो. वरची साय वितळते, आतली भेग तशीच राहते. ड्रिलला प्लास्टिकची कांडी लावून भेगेवर फिरवली, तरी कडा एकमेकींवर दाबल्या जात नाहीत. शिवाय प्लास्टिकही एकाच जातीचं लागतं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशांना वितळतं, रेडिएटरच्या बाजूच्या टाक्यांचं नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना; ही दोन एकजीव होत नाहीत. पॉलिप्रॉपिलीनला एम-सीलही धड धरत नाही.

रेडिएटरच्या नायलॉनमध्ये काचेचे तंतू असतात. ते जोडाच्या आरपार जात नाहीत, म्हणून उत्तम यंत्रावर केलेला जोडही मूळ भिंतीपेक्षा कमजोरच असतो. आणि गाडी तापली की झाकणाखाली साधारण एक वातावरणाइतका जादा दाब असतो. पाणी शंभर अंश ओलांडूनही उकळत नाही. डागलेली भेग उघडली, तर ते पाणी थेट तोंडावर येतं.

म्हणून नवी टाकी घ्या, आपल्याच गाडीच्या मापाची. बोअरचं जड पाणी न घालता कूलंट घाला. गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. आयटीआयमधल्या मुलांनो, भंगारातली रिकामी टाकी मिळाली तर रेघेवर आडवी कापा आणि बाहेर सांडलेल्या वितळलेल्या प्लास्टिकचा ओठ पाहा. तो सगळीकडे सारखा आहे का, हे तपासा. जिथे तो तुटक दिसेल, तिथे दाब कमी पडला की कडा वाकडी होती, हे आपल्या शिक्षकांना विचारा.