बखळीतली पद्मिनी

विदर्भातील जुन्या व्यापारी घरांच्या बखळीत, टिनाच्या छपराखाली, ताडपत्रीने झाकलेली एखादी मोटार अजून आढळते. टायरांतली हवा गेलेली, काचांवर धुळीचा थर, आणि टपावर कधीकाळी ठेवलेली सोयाबीनची रिकामी पोती. शिरपूरसारख्या गावात तिला विशेष स्थान होते. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांना वाशीमच्या स्थानकावरून आणावे, आजारी माणसाला अकोल्याला न्यावे, वरातीत पुढे धाडावे, अशी सगळी कामे तिने केली. पुढे दाराशी नवी गाडी आली आणि जुनी मागे सरकली. तिला कोणी विकले नाही, कोणी चालवलेही नाही. पेढीच्या हिशेबात तिची किंमत केव्हाच शून्यावर आली.

तिच्याकडे पुन्हा लक्ष जाते ते बहुधा घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुळे. “पप्पा, ही चालू होईल का?” या प्रश्नाला बहुतेक घरांत ठरलेली उत्तरे आहेत: दहावीचा अभ्यास कर, भंगारवाल्याला सांगून ठेवले आहे, मिस्त्रीला विचारू कधीतरी. तिन्ही उत्तरे व्यवहाराला धरून आहेत. तरीही ती देण्याआधी ही मोटार कोणाची, हे एकदा आठवावे.

ती बहुधा प्रीमियर पद्मिनी असते, आणि तिची वंशावळ एका जैन व्यापारी घराण्यापाशी जाऊन पोहोचते. सोलापूरच्या दोशी घराण्यातील वालचंद हिराचंद यांच्या घरी कापसाचा आणि सावकारीचा व्यवहार होता. त्या पेढीवर बसून राहणे सोपे होते. वालचंदांनी मात्र रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी करून लोहमार्गाची कंत्राटे घेतली. १९१९ साली सिंदिया कंपनीच्या रूपाने ते जहाजांकडे वळले, १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना उभा केला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या मोटारींची जुळणी झाली; पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंद १९५३ साली निवर्तले. फियाट ११०० डिलाइट १९६४ साली आली आणि १९७४ पासून तीच पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून साऱ्या देशाने तिला ओळखले. त्या टॅक्सीचा रस्त्यावरचा प्रवास ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. धान्याच्या दुकानातला मुलगा गल्ल्यापेक्षा इंजिनात अधिक रमतो, अशी काळजी ज्या घरात वाटते, त्या घराने हा इतिहास वाचून पाहायला हरकत नाही.

घरी दुरुस्तीसाठी या मोटारीइतकी सोयीची मोटार क्वचित मिळेल. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्ब्युरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मागच्या चाकांना गती, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. संगणक कुठेच नाही. बॉनेट उचलले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. ठिणगी का पडत नाही, पेट्रोल कुठपर्यंत आले, याचा शोध एकेक पायरी उतरत घेता येतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले पान इथे तेलकट होऊन समोर येते.

पहिले काम पान्याचे नाही, कागदांचे आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्याआधीच्या मोटारीची मूळ नोंद अकोल्याच्या परिवहन कार्यालयात असते. जुन्या नोंदी संगणकावर चढल्या आहेत की नाहीत, हेही पाहावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० झाले. विलंबाचा दंड आणि पर्यावरण कर निराळा. पुस्तक आजोबांच्या नावावर असेल तर वारसाची नोंद आधी. हे सारे मुलाला बरोबर नेऊन करावे. खिडकीपाशी उभे राहून अर्ज भरणे हे शिक्षण कोणत्याही शिकवणी वर्गात मिळत नाही, आणि कागद होणारच नसतील तर ते पैसे खर्चण्याआधीच कळते.

मग मोटार उघडण्याची वेळ. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या मोटारीत जीवसृष्टी नांदत असते. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराची पिले, दाराच्या फटीत गांधीलमाशीचे पोळे, सीटच्या काथ्यात मुंग्या, आरशामागे पालीची अंडी. गॅरेजचा माणूस पहिल्याच दिवशी हवेचा फवारा मारतो. श्रावकाच्या घरी जयणेने आरंभ व्हायला हवा. मऊ पुंजणीने एकेक कोपरा पाहावा, पिले असतील तर ती मोठी होऊन निघून जाईपर्यंत थांबावे, पोळे रिकामे होऊ द्यावे. यात पंधरा दिवस, महिना जाईल. त्याने बिघडत नाही. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये, कारण ओलसर दिवसांत जीवोत्पत्ती अधिक. दिवाळीची सुटी ही योग्य वेळ, आणि त्यानंतर परीक्षा संपल्यावरचा उन्हाळा. वैशाखातले विदर्भाचे ऊन रंगकामाला चांगले, पेट्रोलजवळ काम करायला मात्र धोक्याचे. तेव्हा कामाची वेळ सकाळची.

उतावीळ मुलगा आणि त्याहून उतावीळ बाप, दोघांनाही इंजिन सुरू करण्याची घाई असते. नवी बॅटरी लावून चावी फिरवली की जाम बसलेली पिस्टनची कडी मोडते आणि काम दुप्पट होते. स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, तीन-चार दिवस ते झिरपू द्यावे. मग चौथा गिअर टाकून मोटार हाताने हळूच पुढे-मागे ढकलावी. पिस्टन हलले, तर पुढचे सारे शक्य आहे. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. ते चिकट होऊन नळ्या बुजवते. रबरी नळ्या सगळ्या बदलाव्यात, त्याही इथेनॉल सोसणाऱ्या, कारण आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ही मोटार घडलेली नाही. जळके तेल अंगणातल्या मातीत न ओतता डब्यात साठवून द्यावे.

आणि इंजिनाच्याही आधी ब्रेक. उभ्या मोटारीचे ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते, चाकातले सिलिंडर गंजतात, रबरी वायसर कडक होतात. जुन्या ब्रेक शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. फक्त जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही जाऊ नये. मजबूत स्टँड लावल्यावरच जावे. बंद खोलीत इंजिन चालवू नये. हे नियम बापाने मुलाला सांगण्यापेक्षा मुलाने मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावले, तर बापही पाळतो.

व्यापारी घरांची एक जुनी सवय इथे आडवी येते. हाताने करायचे काम आपण दुसऱ्याकडे सोपवतो. नळवाला, सुतार, मिस्त्री, प्रत्येकाचा नंबर आपल्याकडे असतो, हत्यार मात्र एकही नसते. मोटार दुरुस्त करताना बापाला मुलासमोर ‘मला येत नाही’ असे म्हणावे लागते, आणि दुकानात दिवसभर सर्वज्ञ असलेल्या माणसाला हे वाक्य जड जाते. ते एकदा उच्चारले की दोघे एका पातळीवर येतात. फियाटवर हात बसलेले मिस्त्री आता सत्तरीत आहेत. अकोला-वाशीमकडे असा एखादा शोधून आठवड्यातून एक दिवस घरी बोलवावा, त्याला मान द्यावा, आणि पाना मात्र मुलाच्या हाती ठेवावा. घरात मुलगी असेल तर तिच्या हाती नुसता टॉर्च देऊन भावाला पाना देण्याची चूक पुष्कळ घरांत होते. कार्ब्युरेटरच्या बारीक जेट साफ करण्यासाठी लागतो तो धीर बहुधा तिच्यापाशी अधिक असतो.

हिशेब मुलाने लिहावा. जुन्या पद्धतीची लाल वही द्यावी. जमेला घरातून मिळालेली रक्कम, नावे पडलेला प्रत्येक नट-बोल्ट. टॅक्सी बंद झाल्यापासून सुट्या भागांचे भाव एकसारखे राहिलेले नाहीत. कुर्ल्याच्या बाजारात तीच वस्तू तीन दुकानांत तीन भावांनी मिळते. फोनवर भाव काढणे, घासाघीस करणे, उधारी टाळणे, ही कामे मुलाकडे सोपवावीत. पेढीवर बसायला तयार नसलेला मुलगा इथे पेढीचेच काम करतो, आणि तसे त्याला सांगायची गरज नसते.

मतभेद होतातच. मुलाला बहुधा गिअर खाली हवा, दुसऱ्या मोटारीचे इंजिन हवे, रुंद टायर हवेत. बापाला ती त्याच्या वडिलांच्या वेळी होती तशीच हवी. इथे कायदा बापाच्या बाजूने थोडा झुकतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी मोटार नित्याच्या वापरासाठी मात्र चालवता येत नाही. रंग कोणता, हे मुलाला ठरवू द्यावे. बापाने सगळेच निर्णय घेतले तर तिसऱ्या रविवारी तो एकटाच बखळीत उभा असतो.

एक आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांकडून येईल आणि तो हलका नाही: ही आसक्तीच नव्हे काय? तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची ओळख वस्तूवरून न सांगता मनाच्या आसक्तीवरून सांगितली आहे. रोज चौदा नियम धारणाऱ्यांच्या घरी वाहनाचीही मर्यादा ठरते. या मापाने पाहिले तर वीस वर्षे ताडपत्रीखाली ठेवलेली, ना वापरलेली ना सोडलेली मोटार हाच खरा परिग्रह होय. तिला चालती करावी, नाहीतर कोणा जाणत्याला देऊन टाकावी. जिच्यावर हात चालत नाही आणि जिच्यावरचा हक्कही सुटत नाही, अशा वस्तूचे समर्थन कठीण आहे. दुरुस्तीनंतर ती मिरवण्यासाठी काढली जाते की आजीला मंदिरात नेण्यासाठी, हे ज्या त्या घराने पाहावे.

वेळ मात्र थोडा आहे. दहावी झाली की मुले अकोल्याला, लातूरला, कोट्याला शिकवणीसाठी जातात. तिथून पुणे-मुंबई, पुढे कुठेही. हाती असतात दोन दिवाळ्या आणि एक उन्हाळा.

मोटार सुरू झाल्यावर मुलाने ती रस्त्यावर न्यायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असावे. मोटारीचा परवाना अठरा वर्षांनंतर. अल्पवयीन मुलाने वाहन चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, मोटारीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा पहिल्या फेरीत चाक बापाच्या हाती, आणि शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकण्याचे काम मुलाचे. चौथा सिलिंडर चुकतो आहे हे आधी त्यालाच कळेल. १९८५ साली नोंदलेली पद्मिनी २०३५ साली पन्नाशी गाठते. आज सोळा वर्षांचा असलेला मुलगा तोवर पंचविशी ओलांडून गेलेला असेल, आणि व्हिंटेजच्या अर्जावर सही करण्याइतका मोठाही.