आधी शॉकअ‍ॅब्सॉर्बर, मग सांगाडा

इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७ साली ‘बाहा एसएईइंडिया’ ही स्पर्धा सुरू झाली. तेव्हापासून देशभरातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी खाचखळग्यांतून धावणारी एकआसनी बग्गी आपल्या हातांनी बांधत आले आहेत, आणि त्यात पुण्या-सांगलीकडचे संघ हिरिरीने उतरतात. मूळ स्पर्धा अमेरिकेतली. १९७६ साली साउथ कॅरोलिना विद्यापीठात ती पहिल्यांदा भरली. तिची सर्वांत सुंदर अट इंजिनाबद्दलची आहे. वर्षानुवर्षं सगळ्या संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ३०५ सीसीचं, १० अश्वशक्तीचं एकच इंजिन वापरावं लागलं आणि त्यात फेरफार करायला मनाई राहिली. ताकद सगळ्यांची सारखी. मग चार तासांच्या शेवटच्या शर्यतीत एक बग्गी फेऱ्यांमागून फेऱ्या मारत राहते आणि दुसरी चाक वाकवून कडेला उभी राहते, हा फरक पडतो कुठे? वजनात, गिअरच्या हिशेबात आणि सगळ्यात जास्त सस्पेन्शनमध्ये.

तरीही बग्गी बांधताना शॉकअ‍ॅब्सॉर्बरची आठवण सगळ्यात शेवटी होते. आधी संगणकावर नळ्यांचा पिंजरा, म्हणजे रोल केज, आखला जातो, नळ्या वाकवून वेल्डिंग होतं, मग चाकं सांगाड्याला जोडणारे ए-आर्म ठरतात, आणि उरलेल्या जागेत बसेल तो शॉक शोधायला मुलं बाजारात निघतात. सदरा शिवून झाल्यावर अंगाचं माप घ्यावं तसा हा प्रकार आहे. हा क्रम उलटा व्हायला हवा. शॉकची लांबी, त्याच्या दांड्याचा प्रवास आणि त्याचा कोन आधी नक्की झाला पाहिजे, सांगाड्याने त्याच्याभोवती उभं राहिलं पाहिजे. घरच्या अंगणात जुन्या गाडीच्या सामानातून बग्गी बांधणाऱ्या हौशी माणसालाही हेच लागू आहे.

स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकाच नळकांड्यावर बसलेले दिसतात, म्हणून दोघांचं काम एकच समजलं जातं. वजन पेलते ती स्प्रिंग. दणका बसला की ती दबते, ऊर्जा साठवते आणि लगेच परत फेकते. ती परत फेकलेली ऊर्जा जिरवणं हे शॉकचं काम. आत तेलात फिरणारा पिस्टन असतो, त्याला बारीक भोकं असतात आणि भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत. तेल त्या चकत्यांना वाकवत पलीकडे जातं, घर्षणाने तापतं, आणि चाकाची उसळी उष्णतेच्या रूपाने हवेत निघून जाते. चार तास दगडधोंड्यांतून गेलेल्या शॉकला हात लावला तर चटका बसतो, तो यामुळेच. तेल तापलं की पातळ होतं आणि रोधही कमी होतो. त्यातच हवा मिसळून फेस झाला, तर पिस्टन तेलातून फिरतो आहे की फेसातून, हा प्रश्नच उरतो. पहिल्या फेरीत शहाण्यासारखी चालणारी बग्गी तिसऱ्या तासाला बेडकासारखी उड्या मारू लागते, तेव्हा चालकाचं काही चुकलेलं नसतं.

हा धडा वाळवंटाने फार पूर्वी शिकवला. कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स यांनी १९६४ साली फोक्सवॅगन बीटलचे भाग वापरून फायबरग्लासची ‘मायर्स मँक्स’ ही हलकी बग्गी बनवली. १९६७ साली मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात तिहुआना ते ला पाझ अशी पहिली मोठी शर्यत झाली. ती व्हिक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी मँक्समधूनच २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेच्या नावातला ‘बाहा’ तिथूनच आला. त्या काळात वाळवंटात धावणाऱ्या गाड्यांचे साधे शॉक तापून निकामी होत, म्हणून एकेका चाकाला दोन-दोन, तीन-तीन शॉक लावले जात. उष्णता वाटून घ्यायची, एवढाच त्यामागचा विचार. खरा उपाय फ्रान्समधून आला होता. बुर्सिए द कार्बों या अभियंत्याने एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू ठेवला आणि दोघांच्या मध्ये सरकता पिस्टन बसवला. वायूच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही, आणि नळी एकेरी असल्यामुळे उष्णता थेट बाहेर पडते. जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने १९५०च्या दशकात हे शॉक उत्पादनात आणले. आज बग्गीसाठी शॉक निवडताना पहिला प्रश्न हाच असावा : एकेरी नळी आणि दाबाखालचा नायट्रोजन आहे का? दुहेरी नळीचा शॉक शहरातल्या मोटारीला पुरतो. खडकाळ वाटेवर, तोही आडवा झुकवून बसवला, तर तो लवकर हार मानतो.

यानंतर गणित येतं, आणि ते टाळावं इतकं मुळीच अवघड नाही. चालकासह बग्गीचं वजन २५० किलो धरू. त्यातलं साठ टक्के मागच्या चाकांवर, म्हणजे प्रत्येक मागच्या चाकावर ७५ किलो. त्यातून चाक, हब वगैरे स्प्रिंगखालचं वजन बारा किलो वजा केलं की ६३ किलो उरतात. उसळीचा ठेका सेकंदाला दीड वेळा हवा असेल तर चाकाशी साधारण ५.६ न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणा लागतो. पण शॉक चाकावर थेट बसत नाही, तो ए-आर्मच्या मध्ये कुठेतरी बसतो. चाक १० मिलिमीटर उचललं की शॉक ६ मिलिमीटर दबतो असं धरलं, तर गुणोत्तर ०.६ झालं. स्प्रिंगचा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. म्हणजे ५.६ भागिले ०.३६, साधारण १५.५ न्यूटन प्रति मिलिमीटर. हाच शॉक थोडा आत सरकवून गुणोत्तर ०.५ केलं की तीच गाडी २२.४ मागते. ब्रॅकेट जरा इकडेतिकडे झाला आणि स्प्रिंग जवळपास दीडपट कडक करावी लागली! सांगाडा आधी वेल्ड करून मोकळं होणाऱ्यांनी हा वर्ग भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

हिशेब इथे संपत नाही. ०.६ गुणोत्तराच्या गाडीत उभ्याउभ्या प्रत्येक मागच्या शॉकवर सुमारे १०३० न्यूटन भार येतो, आणि १५.५ची स्प्रिंग त्याखाली ६६ मिलिमीटर दबते. शॉकचा एकूण प्रवास १२५ मिलिमीटर असेल तर दणका झेलायला ५९ उरले. चाकाच्या भाषेत जवळपास १०० मिलिमीटर. तेवढं पुरतं का, हे मैदान ठरवेल. पण हे पाहायचं कागदावर, पहिली नळी कापण्याआधी. आता अर्ध्या मीटरची एक उडी घ्या. खाली येताना बग्गीचा वेग सेकंदाला ३.१ मीटर होतो आणि शॉकचा दांडा जवळपास १.९ मीटर वेगाने आत घुसतो. वळणावर गाडी कलते तेव्हा तोच दांडा अगदी हळू सरकतो. हळू हालचालीला बऱ्यापैकी घट्ट आणि दगडावर आदळताना तेलाला वाट करून देणारा, अशा दोन स्वभावांचा शॉक बग्गीला लागतो. परतीचा रोध फार वाढवला तर लागोपाठच्या उंचवट्यांवर चाक खाली यायलाच वेळ मिळत नाही, दर दणक्याला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी लोखंडावर लोखंड आपटतं. फार कमी ठेवला तर मागचा भाग चालकाला हवेत फेकतो.

पैसे कमी असतात म्हणून दुचाकीचे शॉक वापरले जातात. त्यात गैर काही नाही, पण कोणत्या दुचाकीचे, हे पाहायला हवं. जोडशॉकच्या मोटारसायकलचे मागचे शॉक चाकाच्या अक्षाजवळच बसतात, त्यामुळे त्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा हलक्या बग्गीच्या गरजेच्या आसपास येऊ शकतो. त्यांची अडचण आखूड प्रवास आणि कमी तेल ही आहे. मागे एकच शॉक असलेल्या दुचाकीची, म्हणजे मोनोशॉकची गोष्ट निराळी. तिथे चाकाच्या हालचालीच्या मानाने शॉक फारच थोडा दबतो, म्हणून त्याची स्प्रिंग अतिशय कडक बनवलेली असते. ती जशीच्या तशी अडीचशे किलोच्या बग्गीला लावली तर सस्पेन्शन नसल्यातच जमा. मोनोशॉक दिसायला रुबाबदार असतो, म्हणून अनेकांना त्याचा मोह पडतो. स्प्रिंग बदलून घ्यायची तयारी नसेल, तर हा मोह आवरलेला बरा.

दुसरं टोक म्हणजे परदेशी हवेचे शॉक. ‘फॉक्स फ्लोट’सारख्या शॉकमध्ये पोलादी स्प्रिंग नसते, दाबलेली हवाच वजन पेलते. वजन वाचतं. हातपंपाने दाब बदलला की कडकपणा बदलतो. आणि दबता दबता हवा आपोआप अधिकाधिक कडक होत जाते, त्यामुळे उडीनंतर तळाला आपटणं कमी होतं. विद्यार्थ्यांच्या स्पर्धांमध्ये हे शॉक जगभर आवडते आहेत आणि त्यांचे गुण खरे आहेत. पण हवा तापमानाला बांधलेली असते. सकाळी १० अंशांवर भरलेला दाब दुपारी ३० अंशांवर सुमारे सात टक्क्यांनी वाढतो, आणि शर्यतीत शॉक ८५-९० अंशांपर्यंत तापला तर पंचवीस टक्क्यांहून जास्त. गाडीची उंचीही बदलते, वागणंही. धुळीने सील घासलं गेलं की हवा हळूहळू निघून जाते ते वेगळंच. ज्या संघाकडे वर्षभर चाचण्या घेऊन दाबाचा तक्ता बनवण्याची चिकाटी आहे, त्याने हवेचे शॉक जरूर घ्यावेत. बाकीच्यांना बदलता येणाऱ्या स्प्रिंगचा, नायट्रोजनचा साधा शॉक जास्त लाभेल. अंदाजपत्रकाचा मोठा वाटा परदेशी शॉकवर घालवायचा आणि सरावाला गाडी महिनाभर आधीही तयार ठेवायची नाही, हा सौदा वाईट आहे.

सगळ्या बग्ग्या एकाच जागी धावत नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवं. गोव्यात २०१४पासून पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ भरते. तिथे लाल चिखल, ओढे आणि घसरडे चढ असतात. गाड्या वेगात कमी धावतात आणि विंचच्या दोरावर जास्त लोंबकळतात. तिथे लांब प्रवास, मऊ स्प्रिंग आणि चारही चाकं जमिनीला टेकवून ठेवणारी लवचीकता महत्त्वाची. उष्णतेची चिंता तिथे दुय्यम, सीलमध्ये शिरणाऱ्या चिखलाची पहिली. वाळवंटातल्या उड्यांची चित्रफीत पाहून गोव्याच्या चिखलासाठी शॉक निवडू नये.

काही गोष्टी अगदी स्वस्त असतात आणि त्यांच्यावाचून महागडा शॉक मरतो. प्रवासाच्या शेवटी रबराचा बंप स्टॉप. चाक लोंबकळताना दांड्यावर ताण येऊ नये म्हणून कापडी पट्टा. शॉकच्या दोन्ही टोकांना गोलाकार बेअरिंग, म्हणजे दांड्यावर आडवा दाब येत नाही. बोल्ट एकाच बाजूने धरण्याऐवजी दोन पत्र्यांच्या मध्ये. आणि दांड्यावर एक प्लॅस्टिकची केबल टाय. फेरी मारून आल्यावर ती टाय कुठे सरकली आहे ते पाहिलं की शॉकने किती प्रवास वापरला ते कळतं. प्रत्येक फेरीनंतर तो आकडा वहीत लिहिणारा संघ महिनाभरात आपली गाडी जितकी ओळखेल, तितकी ती कोणत्याही संगणकी प्रतिकृतीतून कळणार नाही. स्प्रिंगचा कडकपणाही कार्यशाळेत मोजता येतो. ठरावीक वजनं ठेवत जायची आणि फूटपट्टीने दबणं मोजायचं.

मोजता येत नाही तो शॉकचा रोध. त्याला डायनो लागतो. दांडा कोणत्या वेगाने ढकलला की किती बल लागतं, याचा आलेख तो देतो. या आलेखावाचून केलेली निवड म्हणजे अंदाज. आणि इथे महाराष्ट्राची गोष्ट खटकते. १९६१पासून शॉकअ‍ॅब्सॉर्बर बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने चाकण आणि नाशिकला आहेत. वाळूजला एन्ड्युरन्स दुचाकींचे शॉक बनवते. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६पासून पुण्यात आहे. देशातल्या शॉकच्या उद्योगाचा मोठा हिस्सा ज्या राज्यात आहे, तिथल्या विद्यार्थ्याने दुकानदाराच्या शब्दावर शॉक विकत घ्यावा, हे बरं नाही.

उपाय कुणाच्याच आवाक्याबाहेरचा नाही. कंपन्यांनी आपल्या चालू दुचाकी शॉकपैकी मोजक्यांची लांबी, प्रवास, स्प्रिंगचा कडकपणा आणि बल-वेगाचा आलेख विद्यार्थ्यांसाठी खुला करावा. महिन्यातून एक दिवस डायनो महाविद्यालयीन संघांना द्यावा. महाविद्यालयांनी बग्गीचा निधी मंजूर करताना पहिल्या सत्रातच शॉकची निवड आणि तिचं गणित मागावं, त्याशिवाय नळ्यांच्या खरेदीवर सही करू नये. आणि या वर्षी बग्गी बांधायला घेतलेल्या मुलामुलींनी वेल्डिंगचं यंत्र सुरू करण्यापूर्वी चारही शॉक टेबलावर आणून ठेवावेत, त्यांची मापं घ्यावीत, आणि मगच पहिली रेघ ओढावी.